खीचनचे पाहुणे

राजस्थानातील फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवर, थरच्या वाळवंटाच्या कडेला खीचन हे लहानसे गाव आहे. लाल दगडाच्या, कोरीव झरोक्यांच्या येथील हवेल्या जैन व्यापाऱ्यांनी बांधल्या. व्यापारानिमित्त मालक दिसावरास गेले आणि अनेक हवेल्यांच्या दारांना कुलपे लागली. तथापि दरवर्षी भाद्रपदाच्या सुमारास या गावाचे आकाश गजबजून जाते.

मंगोलिया, कझाकस्तान आणि त्यांच्या आसपासच्या गवताळ प्रदेशांतून कांड्या करकोचे येथे उतरतात. मारवाडी लोक त्यांना ‘कुरजां’ म्हणतात. तेथील लोकगीतांत दूरदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचविणारा पक्षी तो हाच. राखाडी अंग, काळी मान, लाल डोळे आणि डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा तुरा असे त्याचे रूप आहे. क्रौंचकुळातील हा सर्वांत लहान पक्षी. वजन जेमतेम दोन-तीन किलो, तरीही तो हिमालयाची शिखरे ओलांडतो.

१९७० च्या दशकात रतनलाल मालू आणि त्यांच्या पत्नीने येथे कबुतरांना दाणे घालण्याचा नेम धरला. थोडे करकोचे त्या दाण्यांवर येऊ लागले आणि वर्षागणिक त्यांची संख्या वाढत गेली. पुढे कुंपण घातलेले चुग्गाघर उभे राहिले. कुत्र्यांपासून पाखरे सुरक्षित झाली आणि दूरदूरच्या जैन कुटुंबांकडून ज्वारीसाठी दान येऊ लागले. आज भर हिवाळ्यात येथील करकोच्यांची संख्या वीस हजारांच्या घरात जाते. सकाळी थव्यामागून थवे उतरतात, दाणे टिपतात आणि मग पाण्यासाठी तलावाकडे वळतात.

परंतु केवळ दाण्यांनी करकोचा जगत नाही. त्याला पिण्यास पाणी हवे, दाणे दळण्यासाठी पोटात घ्यावयाचे बारीक खडे हवेत, रात्री निर्धास्त उभे राहता येईल असे मोकळे माळरान हवे. रातडी नाडी आणि विजयसागर हे तलाव व भोवतालची झुडपी जमीन त्याला हे सारे देतात. त्याच पाण्यावर इतर पाणपक्षी आणि गावची गुरेही जगतात. पाणलोटाच्या जमिनीवर अतिक्रमण झाले, तर तलाव कोरडा पडेल. मग कोठारातील ज्वारी कोणाच्या उपयोगी?

माणसाच्या सोयीही पाखरांच्या जिवावर बेततात. वीजवाहक तारांना धडकून येथे करकोचे मृत्युमुखी पडले, तेव्हा त्या तारा हटविण्यासाठी ग्रामस्थांनी न्यायालयात दाद मागितली. २०२१ च्या नोव्हेंबरात जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे बर्ड फ्लूने शंभराहून अधिक करकोचे दगावले. हजारो पक्षी एकाच ठिकाणी दाटीने येतात, तेथे रोगही झपाट्याने पसरतो. म्हणून अन्नदानाला स्वच्छतेची, पाखरांच्या आरोग्यावरील देखरेखीची आणि विस्तीर्ण नैसर्गिक अधिवासाची जोड हवी.

२०२५ च्या जूनमध्ये खीचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. पाखरांइतकेच तलावाचे आणि माळरानाचेही मोल आहे, यावर त्याने शिक्कामोर्तब झाले.

महाराष्ट्रातील अनेक ओसवाल घराण्यांचे मूळ मारवाडात आहे आणि हेच करकोचे हिवाळ्यात जायकवाडीच्या जलाशयावरही उतरतात. तेथे त्यांना चुग्गाघर नाही. गाळपेराची जमीन, शेतात गळलेले धान्य आणि उथळ पाणी हाच त्यांचा आधार. म्हणजे जीवदयेची वाट पक्ष्यापुढे मूठभर दाणे टाकून संपत नाही. ज्या पाण्याने, मातीने आणि गवताने तो जगतो, त्यांचे रक्षण हेही अभयदानच होय.

फाल्गुनात एके सकाळी थवे उंच घिरट्या घेतात आणि उत्तरेकडे निघून जातात. चुग्गाघर रिकामे होते. पुढच्या भाद्रपदापर्यंत तलाव आणि माळरान सांभाळण्याचे काम मात्र गावाकडेच राहते.