आठ पानांची पंगत

जिवंत हत्ती लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा, ही म्हण अमेरिकेतल्या 'मसल कार'ला जशी लागू पडते तशी खुद्द हत्तीलाही पडत नसेल. 1964 साली पाँटिॲकने मध्यम बांध्याच्या गाडीत 389 घनइंचांचे दांडगे इंजिन घालून 'जीटीओ' काढली आणि हा कळप माजला. पुढे विम्याचे हप्ते, धुराचे कायदे आणि 1973 ची तेलटंचाई यांनी दहाएक वर्षांत त्याला लोळवले. आज मात्र त्यातल्या गंजक्या सांगाड्यालाही लोक घसघशीत डॉलर मोजतात.

मिशिगनात आमच्या दारी अशी एक हत्तीण उभी आहे. 1970 सालची शेवरोले शेव्हेल, 350 घनइंचांचे आठ सिलिंडरांचे इंजिन. आमच्या चिरंजिवांनी ती शेजारच्या आजोबांकडून घेतली. आजोबा मोटारीच्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभे राहिलेले. दृष्टी अधू झाली तशी त्यांनी गाडी विकायला काढली आणि बाहेरचे गिऱ्हाईक जास्त देत असूनही आमच्या पोराला दिली. का, तर तो लहानपणी त्यांच्या गॅरेजात पाने-स्क्रूड्रायव्हर हातात देत तासन् तास उभा असे. अट एकही घातली नाही. अट न घालणारा माणूस फार अवघड, बरे का!

पहिल्याच उन्हाळ्यात चिरंजिवांनी जाहीर केले, "बाबा, मॅनिफोल्ड बदलायचा."

मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालचे ओतीव नळ्यांचे जाळे. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण वरून घ्यायचे आणि आठ सिलिंडरांना वाटायचे, एवढेच त्याचे काम. पण वाटप हे काम जगात कुठे सोपे आहे? मी मूळचा कोल्हापूरचा. वडील उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर होते. ओतीव वस्तू दिसली की आत बोट घालून कोर सरकला आहे का ते चाचपण्याची खोड मला तिथली. त्यामुळे या प्रकरणात माझाही जीव गुंतला.

शेव्हेलचा मूळ मॅनिफोल्ड बिडाचा, भारी जड. ॲल्युमिनियमचा घेतला तर वजन निम्म्याच्या आसपास येते. हा धंदा इकडे जुना आहे. लॉस एंजेलिसच्या व्हिक एडलब्रॉक यांनी 1938 साली फोर्डच्या इंजिनासाठी 'स्लिंगशॉट' नावाचा मॅनिफोल्ड काढला, तेव्हापासून हौशी लोक कारखान्याचा काढून दुसरा चढवत आले आहेत. प्रश्न कोणता चढवायचा हा.

जाती मुख्यतः दोन. एकीत सगळ्यांना मिळून एकच मोठा हौद, त्यातून आठ आखूड, सरळ वाटा. दुसरीत हौदाचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग चारच सिलिंडरांचा. मी सौभाग्यवतींना पंगतीचा दाखला देऊन समजावले. आठ पाने आहेत आणि वाढपी दोन. या इंजिनात पाळी लागते ती 1-8-4-3-6-5-7-2 अशी. एका वाढप्याकडे 1, 4, 6, 7 ही पाने, दुसऱ्याकडे 8, 3, 5, 2. म्हणजे एकाने वाढले की पुढची पाळी दुसऱ्याची. कुणी कुणाच्या पळीत पळी घालत नाही. इंजिन सावकाश फिरत असतानाही मिश्रण त्या लांब नळ्यांतून वेगाने धावते आणि गाडी जागेवरून जोमाने उठते. एका हौदाच्या मॅनिफोल्डात सगळी पंगत एकाच पातेल्यावर तुटून पडते. शर्यतीच्या घाईत ते उत्तम, कारण वाट मोकळी आणि पोट मोठे. पण जेवणारे निवांत असले की पातेल्यातले अन्न निवते. "मग वाढप्यांचाच घ्या," म्हणून सौभाग्यवती मोकळ्या झाल्या.

चिरंजिवांना मात्र पातेलेच हवे होते. कॅटलॉगात अश्वशक्तीचा सर्वांत मोठा आकडा त्याच्यापुढे होता ना! त्यात एक अडचण होती. तो मॅनिफोल्ड उंच. वर कार्ब्युरेटर, त्यावर एअर क्लीनर; बॉनेट लागेना. "बॉनेटला भोक पाडू, वर स्कूप बसवू," चिरंजीव म्हणाले. आजोबा कुंपणापलीकडे गुलाबाला पाणी घालत होते. त्यांची झारी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. मूळचे, न कापलेले, 1970 चे बॉनेट! माझ्या पोटात गोळा आला. पण गाडी पोराची, पैसे पोराचे. मी एवढेच म्हटले, "आधी माप घे."

माप घेण्याची इथली रीत मला फार आवडली. एअर क्लीनरच्या डोक्यावर लहान मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे ठेवायचे, बॉनेट हलक्या हाताने बंद करायचे आणि उघडून चपटी झालेली माती मोजायची. सव्वा इंच भरली. त्यातून अर्धा इंच सोडायचा, कारण जोर देताच इंजिन आपल्या रबरी बैठकांवर हिसका खाते. उरला पाऊण इंच. दोन वाढप्यांचा मध्यम उंचीचा मॅनिफोल्ड त्यात बसत होता, पातेले बसत नव्हते.

तरीही पोरगा ऐकता ना. मग रात्री त्याने आणखी एक गणित मांडले, आणि ते मला जास्त पटले. मागच्या आसाचे गुणोत्तर 3.08, चाकाची उंची सुमारे 26 इंच. ताशी 60 मैलांना इंजिनाचे फेरे मिनिटाला 2400 च्या आसपास. पातेल्याच्या जातीचे मॅनिफोल्ड खरे जागे होतात ते साडेतीन हजारांच्या पुढे. वर शर्यतीचे बहुतेक मॅनिफोल्ड चौकोनी बैठकीच्या कार्ब्युरेटरसाठी, आणि आमचा क्वाड्राजेट पडला पुढे दोन बारीक, मागे दोन रुंद तोंडांचा. म्हणजे तोही बदला. बरे, ही गाडी जाणार कुठे? ऑगस्टात वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 1995 पासून जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे हजारोंच्या रांगेत मुंगीच्या पावलाने! चिरंजिवांनी वही मिटली आणि कॅटलॉगाचे दुसरे पान उघडले.

त्यातही पोटभेद होते. नळ्यांखाली मोकळी फट ठेवून मिश्रण थंड राखणारा एक प्रकार आहे. उन्हाळी मुलखात झकास. पण ऑक्टोबरच्या गारठ्यात कार्ब्युरेटरखाली जळक्या वायूची ऊब नसेल तर इंजिन खोकत बसते. आम्ही ऊब ठेवणारा घेतला.

तो घरी आला आणि मी आधी बोट घातले. कोर जागच्या जागी होता.

बसवायला एक शनिवार गेला. वितरकाची खूण करून तो बाहेर काढला, बारा बोल्ट मधून कडांकडे असे टप्प्याटप्प्याने 30 फूट-पौंडांवर आवळले, जुन्या बुचाच्या पट्ट्यांऐवजी दोन्ही टोकांना सिलिकोनचा जाड ओघळ दिला. संध्याकाळी इंजिन सुरू झाले, जरासे अडखळत.

आजोबा काठी टेकत आले. कुणी बोलावले नव्हते. बंद बॉनेटवर त्यांनी तळवा ठेवला आणि कडेपासून मध्यापर्यंत, मध्यापासून पलीकडच्या कडेपर्यंत सावकाश फिरवला. मग कान तिरका केला.

"उघड," ते म्हणाले, "आणि उजवा स्क्रू पाव फेरा बाहेर काढ."