कोलकात्याची संध्याकाळ



शिखरजीच्या यात्रेबद्दल लिहा, असं बऱ्याच जणींनी सांगितलं होतं. पण 27 किलोमीटरची वंदना, मध्यरात्री उठून निघणं, डोंगरावरची थंडी हे तुमच्यापैकी कितीतरी जणींनी स्वतः अनुभवलंय. त्यात मी नवीन काय सांगणार? म्हणून येतानाच्या कोलकात्याबद्दल लिहिते.

डिसेंबरचा पहिला आठवडा. पारसनाथ स्टेशनवर गाडीत बसलो आणि हावड्याला उतरलो. आम्ही दोघं, थोरले दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंना सगळं घर आक्का म्हणतं, मीही. मुक्काम बडाबाजारातल्या एका धर्मशाळेत होता.

बडाबाजार म्हणजे काय सांगू! सांगलीच्या गणपती पेठेत सणाच्या आदल्या दिवशी जी गर्दी असते, ती इथे रोज, आणि वर दहापट. माणसं डोक्यावर कापडाच्या गाठी घेऊन पळत असतात, त्यांना वाट द्यायची नाही तर धक्का खायचा. मसाल्याची गल्ली वेगळी, कागदाची वेगळी. दुकानदार बहुतेक मारवाडी, त्यामुळे कांदा-लसूण नसलेलं जेवण सहज मिळतं. बटाट्याचं मात्र अवघड आहे. या शहरात बटाटा कशात नाही ते विचारा. पाणीपुरीला पुचका म्हणतात, त्यातही बटाटाच. आम्ही आपलं संदेशवर समाधान मानलं.

सकाळी मेट्रोने बेलगाछियाला जाऊन आपल्या दिगंबर मंदिरात पार्श्वनाथांचं दर्शन घेतलं. आपल्या देशातली पहिली मेट्रो इथलीच, 1984 सालची. मग बद्रीदास टेंपल स्ट्रीटवरचं शीतलनाथांचं मंदिर पाहिलं. ते श्वेतांबरांचं, 1867 साली बांधलेलं. भिंती, खांब, छत, सगळीकडे काचकाम. तिथला तुपाचा दिवा मंदिर बांधल्यापासून विझलेला नाही असं सांगतात. आक्का त्या दिव्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की मला त्यांना हाताला धरून हलवावं लागलं. नंतर साड्या घेतल्या. दुकानदार रेशमी गरद दाखवत होता, आम्ही सुती तांतच घेतल्या. किड्यांना उकळून काढलेलं रेशीम आक्का लग्नानंतर कधी नेसल्याच नाहीत.

दुपारी पुरुषमंडळी झोपली आणि आम्ही दोघी हावडा पूल बघायला निघालो. पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. झेंडूच्या माळांचे अजगरासारखे वेटोळे घालून माणसं ते खांद्यावरून नेत होती. आम्ही घाटावर बसलो. समोर गंगा, डोक्यावर पूल. चहाची वेळ झाली असेल म्हणून घड्याळ बघितलं तर सव्वाचार. आणि आक्का म्हणाल्या, "अगं, सूर्य बघ कुठं गेलाय!"

सूर्य पलीकडे हावडा स्टेशनच्या बाजूला पार खाली उतरला होता.

मी कॉमर्सवाली, भूगोल कच्चा. पण हिशेब नंतर केला. सांगली आणि कोलकाता यांच्यात जवळजवळ 14 रेखांशांचा फरक, एका रेखांशाला 4 मिनिटं, म्हणजे 55 मिनिटं झाली. त्यात थंडीचे दिवस आणि उत्तरेकडचं गाव. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तिथे पाचच्या आतच. मधुबनमध्ये जेवणाची घंटा व्हायची आणि आम्ही पंगतीला बसायचो, घड्याळाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

आक्कांना मधुमेह. दुपारी गोळी घेतलेली, आणि पिशवीत खायला काही नाही. संदेश होते ते खोलीवर. चाळीस वर्षं चौविहार पाळणारी बाई, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेणार नाही हे मला पक्कं ठाऊक. धर्मशाळा दीड किलोमीटर, रस्ता माणसांनी गच्च, टॅक्सी जागची हलेना. वंदना त्यांनी डोलीतून केली होती तरी गुडघे सुजलेले. दहा मिनिटांत आम्ही जेमतेम दोनशे पावलं गेलो असू.

तेवढ्यात घुंगरासारखा टिणटिण आवाज आला. हातरिक्षा. माणूस ओढतो ती. 'दो बिघा जमीन' आठवलं, बलराज साहनी धावतोय ते. सरकारने 2006 साली कायदा करून ही रिक्षा बंद करायचं ठरवलं होतं, तरी गल्लीबोळात ती चालूच आहे. ओढणारा साठीचा तरी असेल, माझ्याच वयाचा. मी म्हटलं, "नको आक्का. माणसाने ओढायचं आणि आपण बसायचं, हे काही बरं नाही."

त्याला मराठी कळलं नसेल, पण माझा चेहरा कळला. म्हणाला, "माँजी, सब यही सोचेंगे तो हम खाएँगे क्या?"

आक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डोंगरावर मला चार माणसांनी उचललं, तेव्हा तू फोटो काढत होतीस."

यावर मी काय बोलणार? आक्का बसल्या. दोघींचं वजन नको म्हणून मी बाजूने चालायचं ठरवलं, आणि त्याला धर्मशाळेचा पत्ता दोनदा सांगितला. पण तो माणूस गर्दीत असा शिरला की एका हातगाडीला मी वाट दिली तेवढ्यात रिक्षा दिसेनाशी झाली. आक्कांचा फोन माझ्या पर्समध्ये, पैसे माझ्याकडे, हिंदी त्यांना चार शब्दांपलीकडे येत नाही. ह्यांना फोन लावला, उचलला नाही. घोरत असणार. णमोकार म्हणत मी चालत होते खरी, पण डोळ्यांसमोर भलतंसलतं येत होतं. एकदा वाटही चुकले. दुकानांतले दिवे लागले.

धर्मशाळेच्या दारात पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. रिक्षा दाराशी उभी, आणि तो रिक्षाच्या दांड्यावर बसून वाट बघत होता. पैसे मिळायचे होते ना त्याचे. आतून आक्का आल्या, हात पुसत. "पाच मिनिटं उरली होती," म्हणाल्या. "खिचडी खाल्ली. तू गं?"

मी उपाशीच झोपले. पण सकाळी सूर्योदय सहाच्या सुमाराला झाला, सांगलीपेक्षा पाऊण तास आधी. म्हणजे जमाखर्च जवळजवळ जुळला.

त्या रिक्षावाल्याने साठ रुपये सांगितले होते, मी दोनशे दिले. खोळंबा झाला म्हणून हात जोडून माफीही मागितली. तो म्हणाला, "आप भी बैठ जातीं तो हम दोनों का टाइम बचता."

रात्री वही काढली. यात्रेचा खर्च मी रोजचा रोज लिहिते. साठ रुपये 'प्रवास'मध्ये लिहून उरलेले एकशे चाळीस 'दान'मध्ये लिहायला घेतले, तर आक्का पलंगावरून बघत होत्या. "दान कसलं त्यात? ताटकळला तो तुझ्यासाठी," म्हणाल्या. मी खोडलं आणि दोनशेच्या दोनशे 'प्रवास'मध्ये लिहिले.