माघारीची वाट

लॅम रोडवरच्या एका सॅनिटोरियममध्ये हवापालटाला आलेल्या कच्छी आजींनी संथारा, म्हणजे मरेपर्यंत अन्नपाणी सोडण्याचं जैन व्रत, घेतला, तेव्हा देवळाली कॅम्पातल्या आमच्या गल्लीत दोन तट पडले. कुणी हात जोडले, कुणी ‘ही सरळसरळ आत्महत्या’ म्हणून मोकळे झाले. राजस्थान उच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०१५ मध्ये हेच म्हटलं होतं. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

मला आठवले ते कॅम्पाला खेटून असलेल्या भगूरचे सावरकर. गाय उपयुक्त पशू आहे असं लिहिणारे, आपल्यामागे श्राद्धपक्ष नको, विद्युतदाहिनी पुरे, असं बजावून ठेवणारे. १९६४ मध्ये त्यांनी ‘आत्महत्या आणि आत्मार्पण’ हा लेख लिहिला आणि १९६६ च्या फेब्रुवारीत अन्न-औषध सोडून तो आचरला. २६ तारखेला गेले. जीवितकार्य संपलं, देह थकला, हा निवाडा सर्वस्वी त्यांचा. ना गुरूची आज्ञा, ना मोक्षाची आस. १९८२ मध्ये पवनारला विनोबांनीही अन्न-औषध नाकारलं, पण ते देवाच्या भरवशावर.

आमच्या गल्लीतले सावरकरभक्त आजींना अंधश्रद्ध म्हणत होते. म्हणजे आपण कृतीला नव्हे, कारणाला गुण देतो. आणि कारण आपल्या पंगतीतलं असलं की हात सैल सुटतो.

जैन शास्त्र तसं ढिलं नाही. संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा असाध्य रोग असेल तरच सल्लेखना, म्हणजे संथारा, तीही गुरूच्या अनुमतीनं. एकट्याच्या विवेकाला असा कान धरणारा कुणी नसतो. पण धर्माबरोबर गर्दीही येते. आजींच्या दाराशी चपलांचा ढीग, दर्शनाची रांग, मुंबईहून आलेल्या गाड्या. मुलगा मात्र सकाळी उकळून गार केलेलं पाणी घेऊन कानाशी वाकायचा, ‘बा, पाणी?’ साध्वीजी बघायच्या, बोलायच्या नाहीत. आजी मान हलवायच्या. नकारानं की ग्लानीनं, दारातून कळायचं नाही.

व्रत बरोबर की चूक, हे दारातून ठरवायचा अधिकार मला नाही. पण त्यांनी पाणी मागितलं असतं, तर ती रांग काय म्हणाली असती, एवढं विचारायचा आहे. तोच प्रश्न सावरकरांनाही लागू आहे. लेख छापून बसलेला माणूस माघार घेणार कोणत्या तोंडानं?