कोबे : मोती, भूकंप आणि तव्यावरचा भात

जपानला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीनच नावं विचारली जातात : तोक्यो, क्योतो आणि फुजी पर्वत. कोबेचं नाव कुणी काढत नाही. कंपनीच्या कामासाठी दोन महिने ओसाकाला होतो तेव्हा माझ्याही यादीत ते नव्हतं. पण तिथे स्थायिक झालेला माझा कॉलेजचा मित्र म्हणाला, "बडोदेकराने कोबे बघायलाच हवं. का ते तिथे गेल्यावर सांगतो." मग एका रविवारी मी, तो, वहिनी आणि माझा ऑफिसमधला एक जपानी सहकारी असे चौघं निघालो. सहकारी कोबेचाच, त्यामुळे वाटाड्या आणि दुभाषी दोन्ही घरचेच.

ओसाकाहून लोकलने अर्ध्या तासात सान्नोमिया स्टेशन येतं. गाव अगदी चिंचोळं आहे. एका बाजूला रोक्को डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या पट्टीत सगळं शहर. रस्ता चुकलात तर चढाकडे डोंगर, उताराकडे बंदर, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

चढावर कितानो नावाची जुनी वस्ती आहे. १८६८ साली कोबेचं बंदर परदेशी व्यापारासाठी खुलं झालं आणि पुढे परदेशी व्यापाऱ्यांनी इथे बंगले बांधले. एका जर्मन व्यापाऱ्याचं १९०९ सालचं लाल विटांचं घर सगळ्यांत प्रसिद्ध आहे. त्याच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा आहे. आपली माणसंही इथे आली. १९२३ च्या मोठ्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले बरेच हिंदी व्यापारी कोबेला येऊन राहिले. जपानमधली पहिली मशीद इथे १९३५ साली उभी राहिली, तिला हिंदी व्यापाऱ्यांनी सढळ हाताने पैसे दिले होते. जवळच्याच गल्लीत विजेच्या तारांच्या जाळ्याखाली पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर अचानक समोर येतं. ते १९८५ सालचं.

मंदिराच्या पायरीवर एक वयस्कर काका भेटले. आमची कुजबुज ऐकून त्यांनी थेट विचारलं, "क्यांथी आव्या?" बडोद्याचे आहोत म्हटल्यावर गुजरातीत गप्पा सुरू झाल्या. काकांचा धंदा मोत्यांचा. जपानमध्ये समुद्रात पिकलेले बरेचसे मोती पारखायला, निवडायला कोबेला येतात. रोक्को डोंगरावरून परतून येणारा उत्तरेचा सौम्य उजेड मोत्याचा रंग खरा दाखवतो, असं इथले व्यापारी मानतात.

मित्राचं "का ते तिथे सांगतो" हेच होतं. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांची चादर करवून घेतली, हे आपण बडोद्यात लहानपणापासून ऐकतो. बसऱ्याचे मोती, संख्या पंधरा लाखांच्या आसपास. हे सगळे नैसर्गिक, पाणबुड्यांनी जिवावर उदार होऊन काढलेले. पुढे १८९३ साली जपानच्या मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती पिकवून दाखवला आणि काही दशकांत नैसर्गिक मोत्याचा बाजार बसला. राजेरजवाड्यांची मिरास असलेला दागिना मध्यमवर्गाच्या गळ्यात आला, तो कोबेसारख्या गावांमुळे. वहिनींनी लगेच कानातले घेतले, हे वेगळं सांगायला नको.

जेवणाचं सांगतो. वहिनी पक्क्या शाकाहारी. जपानमध्ये ही मोठी परीक्षा, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. कितानोत मात्र भारतीय हॉटेलं आहेत. दुपारी वरण-रोटी पोटभर झाली.

मग उतरून बंदरावर, मेरिकेन पार्कमध्ये गेलो. १९९५ च्या १७ जानेवारीला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी इथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. सगळं बंदर पुन्हा बांधलं, पण धक्क्याचा साठ मीटरचा तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय. फुटलेलं काँक्रीट, कलंडलेले दिव्याचे खांब, मधून येणारं समुद्राचं पाणी. समोर लोक आइस्क्रीम खात फिरतात, मुलं पळतात.

मला आठवली २००१ ची २६ जानेवारी. मी पाचवीत होतो, झेंडावंदनासाठी मैदानात रांगेत उभे होतो. पायाखालची जमीन हलली आणि बाई ओरडल्या, "खाली बसा!" बडोदा थोडक्यात वाचलं. अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या कितीतरी खाली मोकळं पार्किंग आणि वर मजले अशा होत्या. खांब मोडले की वरचं सगळं खाली. माझे आईबाबा आजही तशाच इमारतीत राहतात.

सहकारी म्हणाला, "मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आमच्या घरात एकही कपाट भिंतीला न ठोकता उभं नाही. आणि झोपताना चपला उशाशी, कारण काचा फुटतात." जपानमध्ये बांधकामाचे नियम १९८१ साली कडक झाले. त्यानंतरच्या इमारती १९९५ मध्ये पुष्कळ तगल्या, जुनी जड कौलांची लाकडी घरं पडली.

संध्याकाळी लोकलने दहा मिनिटांवरच्या नागाता भागात गेलो. भूकंपानंतरच्या आगीत हा भाग सगळ्यांत जास्त जळाला. आता तिथे कार्टूनमधल्या एका यंत्रमानवाचा पंधरा मीटरहून उंच पुतळा आहे, २००९ साली उभारलेला. इथला खास पदार्थ सोबामेशी. लोखंडी तव्यावर नूडल्स आणि भात एकत्र चिरत परतायचा. म्हणतात की कारखान्यातल्या कामगाराने डब्यातला गार भात दुकानात गरम करून मागितला, त्यातून तो निघाला. थोडक्यात, जपानी फोडणीचा भात!

दुकान सहा खुर्च्यांचं, मालकीणबाई सत्तरीच्या. वहिनींची अडचण कळल्यावर आजींनी तव्याचा एक कोपरा खरवडून, धुऊन घेतला आणि त्यावर कोबी-भात वेगळा परतून दिला. नुसतं मीठ, मिरपूड. वहिनींनी दोनदा घेतला. जुनं दुकान जळाल्यावर याच गल्लीत परत का आलात, असं आम्ही विचारलं. आजी उलथनं न थांबवता म्हणाल्या, "गिऱ्हाइकं इथेच होती ना."

दिवाळीत बडोद्याला आलो तेव्हा आईबाबांच्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीला ठोकून घेतलं. आई म्हणाली, "भिंतीला भोकं कशाला?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचे खांब स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवू या, असा विषय काढला. खर्च, वर्गणी, कोण देणार, यावर तासभर वाद झाला आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला. त्या मीटिंगला मी ऑनलाइन हजर राहणार आहे. तुमची इमारतही पार्किंगवर उभी असेल, तर तुम्हीही आपल्या सोसायटीत हा विषय काढा. आणि ओसाकापर्यंत गेलात, तर कोबेसाठी एक दिवस ठेवाच.