तीन रंगांची पेटी

निवृत्त माणसाला काही ना काही नाद लागतोच. कोणी होमिओपॅथीची पेटी उघडतो, कोणी कुंडल्या मांडतो, कोणी गच्चीत गुलाब लावतो. मला नाद लागला तो लेसरचा. तीन रंगांच्या किरणांची मोट बांधून भिंतीवर रंगीत चित्र काढील अशी, पानाच्या डब्याएवढी आणि पाच हजार रुपयांच्या आत बसणारी पेटी करायची, असे मी नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बसून ठरवले. कुटुंबाने फक्त एवढेच विचारले, "हे सारे जेवणाच्या टेबलावर किती दिवस राहणार?"

आमच्या मुलखाला हा नाद तसा नवा नाही. जवळच कल्याण. तेथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास, काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यापुढे धरून पडद्यावर पुराणातले प्रसंग दाखवायला आरंभ केला. मुलगेही हाताशी होते. काचा अशा बेताने बदलायच्या की, चित्रातली माणसे हलल्याचा भास व्हावा. या खेळाला त्यांनी नाव दिले 'शांबरिक खरोलिका'. मुंबईला पहिला सिनेमा दिसला तो १८९६ साली. म्हणजे कल्याणकर त्याच्याही आधीचे! लेसरशीही आपले नाते आहेच. थिओडोर मेमनने माणकाचा पहिला लेसर पेटवला १९६० मध्ये. आणि चारच वर्षांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर ज्यांनी करून दाखवला ते कुमार पटेल जन्मले बारामतीत, अभियांत्रिकी शिकले पुण्यात. आज कारखान्यातले पोलादाचे पत्रे कापणाऱ्या लेसरांत त्या जातीचेही पुष्कळ आहेत. माझ्या पेटीला मात्र पोलाद कापायचे नव्हते, नुसता गणपती काढायचा होता.

तत्त्व सांगायला सोपे आहे. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन किरण एका रेषेत आणायचे आणि दोन इवल्याशा हलत्या आरशांवर सोडायचे. एक आरसा किरणाला आडवा फिरवतो, दुसरा उभा. प्रत्यक्षात भिंतीवर एकच ठिपका धावत असतो; पण तो इतक्या वेगाने धावतो की, आपल्या डोळ्यांना सबंध रेघ दिसते. प्रत्येक रंग कमीजास्त केला की हवी ती छटा मिळते. लहानपणी अंगणात जळती उदबत्ती गरगर फिरवून आपण प्रकाशाचे वर्तुळ काढत असू, तोच हा प्रकार.

तांबडा डायोड स्वस्त. निळाही आता सहज मिळतो. त्याची विद्या शुजी नाकामुरा आणि इतर जपानी शास्त्रज्ञांनी कष्टाने उकलली, आणि निळ्या दिव्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिरव्याचे नखरे मात्र फार. कित्येक वर्षे सरळ हिरवा प्रकाश देणारा डायोडच नव्हता. मग ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश एका स्फटिकात सोडायचा, त्यातून १०६४ चा, तोही अदृश्य, काढायचा आणि दुसऱ्या स्फटिकात त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा मिळवायचा, असा द्राविडी प्राणायाम चाले. बाजारातले पुष्कळसे हिरवे पॉइंटर अजून याच रीतीचे असतात. त्यांत उरलेला अदृश्य प्रकाश अडवणारी काच असावी लागते, आणि स्वस्त मालात नेमकी तीच गाळलेली असू शकते. हिरवा दिसतो म्हणून डोळा मिटतो. न दिसणाऱ्याला कोण मिटणार? म्हणून मी सरळ ५२० नॅनोमीटरचा हिरवा डायोड घेतला. तिघांत तोच महाग पडला. पण तेथे काटकसर करायची नाही, असे मी आधीच ठरवले होते.

खरी कसोटी पुढे. विशिष्ट रंग आरपार सोडणारी आणि बाकीचे परतवणारी अशी काच मिळते. एका काचेने तांबड्यात हिरवा मिसळायचा, दुसरीने त्यांत निळा. आता काच अंशाच्या दहाव्या भागाने हलली की परतलेला किरण त्याच्या दुप्पट वळतो, आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर तो रंग एक सेंटीमीटर बाजूला जाऊन बसतो. गणपतीची सोंड तांबडी एकीकडे आणि निळी दुसरीकडे! महागड्या पेट्यांत यासाठी बारीक स्क्रू असतात. मी तिन्ही डायोड एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले, रंग जुळवून घेतले आणि जंबुपार किरणांनी घट्ट होणाऱ्या गोंदाने काचा कायमच्या चिकटवल्या.

पांढरा रंग साधणेही नाजूक काम. डोळ्याला हिरवा फार प्रिय. सारख्याच शक्तीचा हिरवा निळ्याच्या अठरा पटींहून अधिक उजळ वाटतो. तरीही हिशेब केला तर हिरवा एक भाग धरून तांबडा सुमारे दीड भाग आणि निळा निम्म्याहून थोडा अधिक लागतो. शिवाय तांबडा डायोड उन्हाळ्याला भारी भितो. तापला की मंदावतो, आणि सकाळी जमलेला शुभ्र रंग आमच्या वैशाखातल्या दुपारी हिरवट-निळसर होऊन बसतो. मग पट्टीला पंख जोडून उष्णता बाहेर काढावी लागली.

इथवर सारे यंत्राचे. भांडण झाले ते शक्तीवरून. माझे डायोड कित्येक मिलिवॉट देतात. मी मात्र पेटीच्या तोंडाशी काळसर काच बसवली आणि तिन्ही मिळून पाच मिलिवॉटच बाहेर पडतील असे केले. अंधाऱ्या खोलीत तेवढे भरपूर होते. माझा भाचा सोसायटीच्या गणेशोत्सव समितीत आहे. तो हळहळला. "मामा, हे म्हणजे दूध विकत आणून मोरीत ओतायचं! ती काच काढा ना. समोरच्या इमारतीवर चित्र दिसलं पाहिजे."

"अरे, समोरच्या इमारतीत माणसं राहतात," मी म्हणालो.

हे मी नुसत्या भित्रेपणाने म्हटले नव्हते. २०२३ मध्ये विसर्जनाच्या मिरवणुकीत लेसर डोळ्यात गेलेले तरुण नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे आले, तेव्हा त्यांच्या दृष्टिपटलाला इजा झालेली आढळली. डोळ्याचे भिंग किरण एका बिंदूवर आणून त्याची तीव्रता लाखपट करते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. त्या भरवशावर फार तर एक मिलिवॉटचा दिसणारा किरण सोडतात. मिरवणुकीतली यंत्रे वॉटची भाषा बोलतात, आणि एका वॉटचे हजार मिलिवॉट होतात. शिवाय आमच्या खाडीपलीकडे उलव्याला विमानतळ झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने सुरू झाली. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे आमचा गणपती नाचला तर काय होईल, हे भाच्यालाच विचारले. तो गप्प बसला खरा, पण त्याचे तोंड उतरले होते. उत्सवात पोरांना काही झगमगते हवे असते, हेही मला कळते.

शेवटी तोड निघाली. पेटी सोसायटीच्या सभागृहातच ठेवायची, पडदे ओढून. किरण माणसाच्या डोक्याच्या वरून जाईल इतक्या उंचीवर ती बसवायची. आरसे अडकून किरण एका जागी थांबला, तर डायोडांची वीज आपोआप तुटावी म्हणून मी वेगळी मंडल-रचना केली. तिने पाच हजारांची मर्यादा ओलांडली, ते मी मुकाट्याने सोसले. काळसर काचही गोंदाने चिकटवून टाकली. कोणालाही काढायची सोय ठेवली नाही.

चित्र भाच्याने काढले. आमचे आरसे सेकंदाला वीस हजार बिंदू गाठतात, आणि चित्र फडफडू नये म्हणून ते सेकंदात पंचवीस वेळा काढावे लागते. म्हणजे एका चित्राला आठशे बिंदू. सातशे गणपतीलाच लागले. उंदराला शंभर उरले, त्यामुळे त्याची शेपटी जरा आखूड ठेवावी लागली.