गोफण

आमचा आजा वाखाच्या गोफणी वळायचा. दावी, कासरे, चऱ्हाटं, गोफणी. गावाला लागंल ते मांगवाड्यानं वळायचं आणि खळ्यावर बलुत्यासाठी उभं राहायचं. कर्जत तालुक्यातली ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावरचा राखण्या तीच गोफण गरगरा फिरवी. एक दोर बोटात अडकवलेला. दुसरा सुटला की गुंडा सुसाट.

मी पोरवयात बेचकी केली. बाभळीचं बेळकं, सायकलच्या ट्यूबचं रबर, तुटक्या चपलेचं चामडं. पहिल्याच दिवशी होला पाडला. मिरवत आजीकडं नेला. ती हसली नाही. पदर मागं सारून तिनं डोक्यावरची जुनी खोक दाखवली. १९७२ च्या दुष्काळाआधीची.

'काढलेल्या रानात सरवा वेचत हुते. शेजारच्या माळ्यावरनं गुंडा आला. गोफण तुझ्या आज्यानंच वळल्याली.'

बेचकी मी चुलीत घातली.

आता गिरणीतनं सुट्टीवर गेलो की वाट्यानं केलेल्या ज्वारीत मीही गोफण फिरवतो. गुंडा घालत नाही. नुसता दोर कडाडला तरी पाखरं उठतात. बांधाकडच्या चार ताटांवर बसली, तर बसू देतो. दाण्यासाठी आलेल्यावर दगड सोडायचा नाही. दगड कुणासाठी ठेवायचा, ते आजीच्या खोकेनं मला शिकवलंय.