प्रवासाची दैनंदिनी: तानसाकाठचं ऊन पाणी

शनिवार, रात्री

सीएनजी भरला, टायरची हवा पाहिली. सासूबाईंचं गुडघ्याचं तेल पिशवीत. पनवेलच्या भूगोलाच्या बाईंच्या वहीत एवढंच.

रविवार, वाटेत

निघाले साडेसहाला. शिळफाट्यावर कंटेनरची रांग, पाऊण तास गेला. मुंब्रा बायपासलाही तेच. चौघांचा चहा-वडापाव १६० रुपये. भिवंडी-वाडा रस्त्यावर खड्डे. अंबाडी नाका गाठेपर्यंत पावणेदहा.

रविवार, रात्री

वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना शीण उतरला. पोर्तुगीजांकडून वसई सर झाली तर देवीचं देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केल्याचं सांगतात. मे १७३९ मध्ये वसई पडली. देवळाचं प्रवेशद्वार किल्ल्याच्या दरवाजासारखं, वर नगारखाना.

बाई खऱ्या रमल्या त्या तानसाकाठच्या अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडावर. वसईहून आलेल्या एक मावशी पायरीवर बसून तांब्याने गुडघ्यांवर पाणी सोडत होत्या. सासूबाई पाय बुडवणार तोच त्यांनी हात धरला. “एकदम नको गो, बाय! चटका बसेल. आधी घोटे, मग पोटऱ्या.” स्वतः पाणी ओंजळीत घेऊन थोडं निववलं आणि सासूबाईंच्या पावलांवर सोडलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत, पण इथून गेल्यावर चार दिवस पाट्यावर बसवतं, म्हणाल्या. मासे कुठले ताजे मिळतात इथपर्यंत गप्पा गेल्या. मग अर्धा तास दोघी शेजारी पाय सोडून बसल्या.

पाणी ऊन असलं तरी इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि वर येतं. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत, सह्याद्रीला समांतर, असे झरे आहेत. इंग्लंडातल्या बाथ शहरातही ४६ अंशांच्या झऱ्यावर रोमनांनी सुलिस मिनर्व्हा देवीचं देऊळ आणि स्नानगृहं बांधली. तिथल्या जुन्या रोमन तलावात आज कुणाला उतरू देत नाहीत; तो काठावरून पाहायचा. अकलोलीत मावशींसारखी माणसं अजून रोज उतरतात. म्हणूनच कोपऱ्यात तरंगणाऱ्या शाम्पूच्या पुड्या पाहून बाई कळवळल्या. ज्या पाण्यात दुसऱ्याचा दुखरा पाय उतरणार, त्यात साबण लावायचाच कशाला?

गणेशपुरीत नित्यानंदबाबांच्या समाधीचं दर्शन. बाबा १९६१ साली गेले. जेवण ४८० रुपये, वरणभात चांगला.

सोमवार

रविवारी घरी यायला रात्रीचे साडेनऊ. परतीच्या रस्त्याची नोंद नाही. सासूबाई सकाळी जिन्याचा कठडा न धरता खाली आल्या. नववीच्या तासाला बाईंनी फळ्यावर कोकणचा नकाशा काढून झऱ्यांची ठिकाणं मुलांकडून भरून घेतली. पुढचा बेत पालीजवळच्या उन्हेऱ्याचा. सासूबाईंना आधी बल्लाळेश्वर हवा, बाईंना आधी कुंड.